पार्श्वभूमी : शिकाऊची उडी, दोरी कुणाच्या हाती?

मुंबईत राहून स्कायडायव्हिंग शिकायचं म्हटलं, की पहिल्याच चौकशीत कळतं : मुंबईत ते शिकता येत नाही. एकदाच हौस भागवायची असेल तर लोक लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीचं, पटायाचं, दुबईचं नाव सांगतात. प्रशिक्षकाच्या छातीला बांधून घ्यायचं, उडी मारायची, व्हिडिओ घेऊन यायचं आणि सोमवारी ऑफिसात दाखवायचा. पण ‘मला एकट्याने उडी मारायला शिकायचंय’ असं म्हटलं की ‘स्टॅटिक लाइन’, ‘एएफएफ’, ‘ए लायसन्स’ असे शब्द कानावर पडू लागतात. या शब्दांमागे एक जुना वाद आहे. पहिल्या उडीत पॅराशूट उघडायचं कुणी? विमानाला बांधलेल्या दोरीने, शिकाऊने स्वतः, की शेजारून खाली येणाऱ्या प्रशिक्षकाने? गेल्या शंभरेक वर्षांत या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा बदललं. त्यातलं एक पात्र तर थेट आपल्या बार्शी लाईटचं आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून नोकरीला लागला. सोलापूरकडचा मुलूख पाहून त्याच्या डोक्यात अडीच फुटी रुळांच्या स्वस्त गाडीची कल्पना आली. पुढे नोकरी सोडून तो तिच्या मागे लागला आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावू लागली. हीच गाडी नंतर पंढरपूरला पोचली आणि पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी तिच्यातून प्रवास केला. कॅलथ्रॉपचं हे काम रेल्वेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्याचं दुसरं वेड आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. जुलै १९१० मध्ये बोर्नमथला विमान कोसळून रोल्स गेला आणि कॅलथ्रॉपने पॅराशूटचा ध्यास घेतला. त्यातून ‘गार्डियन एंजल’ तयार झालं. घडी घातलेलं कापड विमानाला जोडलेल्या डब्यात ठेवायचं. माणूस खाली पडला की त्याच्याच वजनाने ते डब्यातून ओढून बाहेर यायचं. माणसाने काहीच करायचं नाही, फक्त पडायचं. शॅकलटनच्या ‘एन्ड्युरन्स’ या अंटार्क्टिक मोहिमेवर गेलेल्या ऑर्ड-लीजने नोव्हेंबर १९१७ मध्ये हे पॅराशूट घेऊन लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून दाखवली. फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांना तेव्हा पॅराशूट मिळत होतं, पण ब्रिटिश वैमानिकांना पहिलं महायुद्ध संपेपर्यंत दिलं गेलं नाही. वजन जास्त, जागा कमी ही कारणं होतीच. शिवाय वैमानिक उगाच विमान सोडून उड्या मारतील, ही साहेबांची धास्तीही सांगितली जाते. माणसापेक्षा विमान महाग, हा हिशेब तेव्हा कुणाला खटकला नसावा.

पॅराशूट म्हणून पाहिलं तर ते त्याआधीही शंभर वर्षांपासून होतं. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ पॅरिसमध्ये फुग्यातून रेशमी छत्री घेऊन खाली आला तो इतका हेलकावत, की बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. आपल्याकडे १८९० मध्ये कोलकात्यात रामचंद्र चटर्जी यांनी फुग्यातून पॅराशूटने उतरून दाखवलं. पण हे सगळे खेळ होते. पाहायला तिकीट होतं, शिकायची सोय नव्हती.

खरी अडचण एका समजुतीची होती. माणूस उघड्या हवेत काही सेकंद नुसता पडत राहिला तर शुद्ध हरपेल, त्याचे हात चालणार नाहीत, असं जाणकारही मानत. मग दोरी विमानालाच बांधलेली बरी. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या मॅककुक फील्डवर लेस्ली अर्विनने विमानाशी कसलाही संबंध न ठेवता उडी मारली, थोडं पडू दिलं स्वतःला आणि मग पॅराशूट उघडायचं हँडल, म्हणजे रिपकॉर्ड, हाताने ओढली. पॅराशूट उघडलं. उतरताना घोटा मोडला तेवढाच. शुद्ध हरपली नाही, हात चालले. स्कायडायव्हिंग नावाचा खेळ या एका उडीतून शक्य झाला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही शिकाऊंच्या वाट्याला पुढची साठ वर्षं दोरीच आली, आणि त्याचं कारण लष्कर. सैन्याला कसलेले खेळाडू नको असतात. एकाच मैदानावर, थोड्या वेळात, शेकडो जवान उतरवायचे असतात. सोव्हिएत रशियाने १९३० च्या ऑगस्टमध्ये व्होरोनेझजवळ बारा सैनिक पॅराशूटने उतरवले आणि पुढे शहराशहरांतल्या बागांत पॅराशूटचे मनोरे उभारून तरुणांना सवय लावली. भारतात १९४१ मध्ये दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर, म्हणजे आजच्या सफदरजंगला, असंच प्रशिक्षण सुरू झालं. लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग हे उडी मारणारे पहिले भारतीय सैनिक. ती शाळा नंतर चकलालाला गेली. फाळणीत चकलाला पाकिस्तानात राहिलं आणि आपल्याकडे आग्रा हे पॅराशूटचं गाव झालं.

ही ‘स्टॅटिक लाइन’ची पद्धत आजही अशीच आहे. विमानात छताजवळून एक पोलादी तार गेलेली असते. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पॅराशूटला जोडलेला जाड पट्टा असतो, त्याच्या टोकाला हुक. हुक तारेत अडकवायचा, पुढच्याचा नीट अडकलाय ना ते बघायचं, दाराकडे सरकायचं. बाहेर पडलं की पट्टा ताणला जातो, पॅराशूट उघडून देतो आणि स्वतः विमानालाच लटकत राहतो. जवानाच्या हाती उरतं ते जमिनीवर पडण्याचं तंत्र : पाय जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले, मग पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ अशा क्रमाने अंग लोळवत धक्का वाटून द्यायचा. गोल छत्रीला दिशा देता येत नाही म्हटल्यावर पडायला शिकणं हेच मोठं शिक्षण.

मराठी माणसाच्या जवळची गोष्ट याच पद्धतीतली आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ‘दोन पॅरा’ या नावाने तिच्यात गेली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तांगाईलला उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेणारी ती हीच पलटण, आणि सोळा तारखेला ढाक्यात आधी शिरलेल्यांतही तीच. त्यातल्या कुणाला रिपकॉर्ड ओढावी लागली नाही. हुक लावला होता.

नागरी शाळांनी हीच पद्धत उचलली. फ्रान्समध्ये लिओ व्हॅलेंटिनने दुसऱ्या महायुद्धानंतर हातपाय पसरून, पोट पुढे काढून हवेत स्थिर राहता येतं हे दाखवलं. आज शिकाऊला सतरंजीवर पालथं झोपवून, छाती-मांड्या वर उचलायला लावून जी ‘आर्च’ घोटून घेतात, ती याच शोधाची लेक. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियातल्या ब्लेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९५९ मध्ये जाक इस्टेलने मॅसॅच्युसेट्समधल्या ऑरेंज गावी शाळा काढली आणि लष्कराला आठवडे लागतात ते काम आपण काही तासांत करू, असं जाहीर करून करूनही दाखवलं : सकाळी धडे, दुपारी उडी. अर्थात दोरीवर. दोरीवरच्या काही उड्यांत शिकाऊने खोटी रिपकॉर्ड ओढून दाखवायची. ती बरोबर जमली की मग खरी, आधी पाच सेकंद पडून, मग दहा, असं करत वर चढायचं. पद्धत शिस्तीची होती, पण तिच्यात एक विचित्रपणा होता. प्रशिक्षक विमानात राहायचा. शिकाऊ पहिल्यांदा खराखुरा मोकळा पडायचा, त्या क्षणी तो अगदी एकटा असायचा.

हे बदललं ते चार वस्तूंमुळे, आणि मला वाटतं की या खेळाचा इतिहास शूरवीरांपेक्षा या वस्तूंचा जास्त आहे.

डोमिना जाल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाला १९६६ मध्ये हवा भरून पंखासारखा ताठ होणाऱ्या चौकोनी कापडाचं पेटंट मिळालं. त्यामुळे पॅराशूटला पुढे जाण्याचा वेग आला, वळवता येऊ लागलं आणि शेवटी दोन्ही ब्रेक ओढून चक्क चालत उतरता येऊ लागलं. दुसरी वस्तू पॅराशूट बनवणाऱ्या बिल बूथच्या तीन कड्या. मुख्य पॅराशूट बिघडलं तर ते आधी सोडून द्यावं लागतं, आणि पूर्वी खांद्यावरचे चाप उघडायला दोन्ही हात गुंतत. एकात एक अडकवलेल्या तीन कड्यांनी अंगावरचा सगळा भार इतका वाटून घेतला, की एका हँडलच्या हलक्या ओढीने तो सुटू लागला. पोटावर बांधायचं राखीव पॅराशूटही पाठीवर गेलं. आज शिकाऊला हार्नेसमध्ये टांगून हेच घोटून घेतात (लाल हँडल मुख्य पॅराशूट सोडतं, चंदेरी राखीव उघडतं) : लाल हँडलकडे बघ, धर, चंदेरीकडे बघ, धर, लाल ओढ, चंदेरी ओढ. पंचवीस वेळा विचारलं तरी हात आपोआप तिकडे गेले पाहिजेत.

तिसरी वस्तू म्हणजे प्रशिक्षकच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘एएफएफ’ (अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल) पद्धत मान्य झाली. यात शिकाऊ पहिल्याच दिवशी बारा-तेरा हजार फुटांवरून उडी मारतो, पण दोन्ही बाजूंनी दोन प्रशिक्षक त्याचा सूट घट्ट धरून त्याच्याबरोबर पडतात. वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास; बोलणं अशक्य, म्हणून खुणा. दोन बोटं दाखवली की पाय लांब कर. अंगठा खाली, म्हणजे आर्च. मनगटावरच्या अल्टिमीटरचा काटा ५,५०० फुटांवर आला की शिकाऊने स्वतः पॅराशूट उघडायचं. विसरला तर तर्जनी समोर येते, तरी नाही तर प्रशिक्षक उघडतो. पहिल्या तीन पायऱ्यांत दोन प्रशिक्षक, पुढे एक, मग हात सोडून नुसता शेजारी. १९८३-८४ च्या सुमारास बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी आणलेल्या टँडेममध्ये तर शिकाऊ प्रशिक्षकालाच बांधलेला असतो, आणि दोघांच्या वजनाने वेग फार वाढू नये म्हणून मागे एक छोटं पॅराशूट सोडतात. अमेरिकेत २००१ पर्यंत टँडेम विशेष सवलतीखाली चालायचं, प्रशिक्षणाचा प्रकार म्हणून. आता ते बहुतेक ठिकाणी पर्यटन झालंय.

चौथी वस्तू १९९१ मध्ये जर्मनीहून आली : हेल्मुट क्लोथचं ‘सायप्रेस’. हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजणारं हे छोटं यंत्र. नेहमीच्या मॉडेलमध्ये साधारण ७५० फुटांवर माणूस अजूनही ताशी १२६ किलोमीटरच्या पुढे पडत असेल तर ते राखीव पॅराशूटची बांधलेली दोरी कापतं. शिकाऊंसाठी आकडे आणखी सावध. म्हणजे दोरी पुन्हा आलीच, फक्त यंत्राच्या हाती.

आता भारत. १९५९ मध्ये हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा आग्र्याला उडी मारून पहिल्या भारतीय महिला पॅराट्रूपर झाल्या. रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचेल थॉमस १९७९ पासून या खेळात होत्या. २००२ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली. हवाई दलाचा ‘आकाशगंगा’ संघ १९८७ चा. पुण्याच्या शीतल महाजन यांची गोष्ट मात्र शिक्षणपद्धतीच्या सगळ्या चौकटीबाहेरची आहे. एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत, २,४०० फुटांवरून त्यांनी मारलेली उडी ही त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ मध्ये अंटार्क्टिका, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये पटायाला नऊवारीत, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. या यादीचं कौतुक करावंच, पण शिकाऊने तिच्यातल्या पहिल्या ओळीचं अनुकरण करू नये.

मुंबईत हे का रुजलं नाही? हवाई हौस इथे कमी नव्हती. जुहूचा विमानतळ १९२८ चा, बॉम्बे फ्लाइंग क्लब त्याच काळातला. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना क्रमांक एक मिळाला आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये ते कराचीहून टपाल घेऊन जुहूलाच उतरले. पण सांताक्रूझ वाढला आणि आकाश भरलं. पुढे फ्लाइंग क्लबलाही विमान शिकवायला धुळ्याला जावं लागलं. तेरा हजार फुटांवरून पडणाऱ्या माणसासाठी तेवढा हवेचा खांब रिकामा ठेवणं, तोही दिवसभर, इथे कुणाला परवडणार? जिवावरचा प्रसंग सोडून एरवी पॅराशूटने उतरायचं तर परवानगी लागते, ही गोष्ट १९३७ च्या विमान नियमांपासूनची. शिवाय अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमांनुसार शिकाऊच्या उतरण्याच्या जागेपासून शंभर मीटरपर्यंत दाट झाडी, तार, इमारत, पाणी असं काही नको, आणि वारा ताशी साधारण २२ किलोमीटरच्या आत हवा. शिवाजी पार्कात ऐन दुपारी, खारे वारे सुटल्यावर, हे दोन्ही जमवून बघा. त्यात चार महिने पावसाचे. मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांत जवान उतरतात ते वेगळं; ती माणसं शिकून आलेली असतात आणि आकाश त्यांच्यासाठी मोकळं केलेलं असतं.

म्हणून मुंबईकर शिकाऊ बाहेर जातो. कुणी आधी हैदराबादच्या, खालून वर वारा सोडणाऱ्या उभ्या बोगद्यात आर्च पक्की करतो, मग रजा टाकून थायलंड, दुबई किंवा स्पेन गाठतो. ए लायसन्सला, म्हणजे एकट्याने उडी मारायच्या पहिल्या परवान्याला, किमान २५ उड्या लागतात. हवामानाने साथ दिली तर एका मोठ्या सुटीत त्या होतात. त्यानंतरचं गणित अवघड. त्याच अमेरिकन संघटनेची शिफारस अशी, की ए लायसन्सवाल्याने ६० दिवस उडी मारली नाही, तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घ्यावी. वर्षातून एकदा जाणाऱ्या मुंबईकराची दर वेळची पहिली उडी त्यामुळे अशीच होते, आणि तिचे पैसे तो तिकिटाच्या खर्चात आधीच धरून ठेवतो.