बोटाचा आकडा, तारेचा आकडा

दर रविवारी चोपड्याहून एसटीने एक मुलगा माझ्याकडे जळगावला गिटार शिकायला येतो. आधी तीन वर्षं तो कीबोर्ड शिकलेला. मी छापून दिलेल्या कागदावर एका स्वराशेजारी १ होता. त्याने विचारलं, "सर, अंगठा वरून कसा आणू?" कीबोर्डवर १ म्हणजे अंगठा, गिटारवर डाव्या हाताची तर्जनी. त्याच कागदावर पुढे तारेचा क्रमांक २ वर्तुळात हवा होता. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढताना वर्तुळ गळालं आणि नुसता २ उरला. पोराने मधलं बोट लावलं. त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

हा गोंधळ समजून घ्यायला बराच मागे जावं लागतं. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने ल्यूट या तंतुवाद्याची लिपी छापली. तिच्यात स्वराचं नाव नव्हतंच. कुठल्या तारेवर कितवा पडदा दाबायचा, एवढंच होतं. गिटारची आजची टॅब, म्हणजे प्रत्येक तारेला एक रेघ देऊन तिच्यावर पडद्याचा आकडा लिहिण्याची लिपी, याच घराण्यातली. सर्वांत बारीक तार वरच्या रेषेवर ठेवण्याची आजची रीत स्पेनच्या लुईस मिलानच्या १५३६ सालच्या पुस्तकातही दिसते. पुढे गिटारचं संगीत पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या पाच रेषांच्या स्टाफवर लिहिलं जाऊ लागलं. स्वर नेमका कळू लागला, पण त्याची जागा हरवली. पहिली तार मोकळी वाजवली की येणारा ई हा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. म्हणून वेगळ्या खुणा आल्या: डाव्या बोटांना १ ते ४, मोकळ्या तारेला ०, तारेचा आकडा वर्तुळात. उजव्या हाताला पी, आय, एम, ए ही पुल्गार, इंदिसे, मेदियो, अनुलार या स्पॅनिश नावांची आद्याक्षरं. आपल्याकडे सतारीच्या बोलांतले दा-रा हेच काम करतात. स्वरलिपीतला नुसता 'ग' हाताबद्दल काही सांगत नाही.

१९८३ साली वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं मिडी आलं आणि जागा पुन्हा सुटली. मिडीच्या लेखी तो ई म्हणजे ६४ नंबर. तार कुठली, बोट कुठलं, हे त्या नंबरात नाही. वाजवलेलं थेट कॉम्प्युटरवर उतरवलं की स्टाफवर स्वर येतात, बोटं आपल्यालाच भरावी लागतात. ती साधा मजकूर म्हणून चिकटवली तर स्वर हलवल्यावर आकडा जागीच राहतो, किंवा स्वरचिन्हाच्या दांड्यावर चढतो.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या लिलीपाँड या स्वरलेखनाच्या प्रोग्रामने मला पटणारी वाट धरली. तिथे स्वरापुढे आडवी रेघ आणि आकडा लिहिला की ते बोट, उलटी तिरकी रेघ आणि आकडा लिहिला की ती तार. तोच तारेचा आकडा वाचून प्रोग्राम टॅबवर पडदा ठरवतो. म्यूझिकएक्सएमएल या फाइल-प्रकारात बोट, तार, पडदा आणि उजव्या हाताची खूण यांना वेगवेगळे कप्पे आहेत, त्यामुळे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना अर्थ टिकू शकतो. २०१३ साली स्टाइनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअर कंपनीने मांडलेल्या स्मफल या प्रमाणाने संगीतचिन्हांना फॉन्टमध्ये ठरलेल्या जागा दिल्या; वर्तुळातल्या आकड्यालाही त्यात स्वतःची जागा आहे.

आता मी म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये तारेचा आकडा टाइप करत नाही, पॅलेटमधून, म्हणजे तयार चिन्हांच्या पट्टीतून, उचलतो. फाइल पीडीएफ करूनच प्रिंटला देतो. चोपड्याच्या मुलाचा कागद तसाच पुन्हा काढला, वर्तुळ जरा मोठं ठेवून. या खेपेला त्याने काही न विचारता दुसरी तार छेडली.