ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचं शील्डिंग

प्रीअँपच्या, म्हणजे मुख्य अँप्लिफायरच्या आधी बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या, इनपुटला जो छोटा सिग्नल ट्रान्सफॉर्मर असतो, माइकचा म्हणा किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा (सुई बसते तो भाग, त्यातली बारीक कॉइल हलून सिग्नल तयार होतो) स्टेप-अप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा, म्हणा, त्याला बाहेरच्या चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रापासून वाचवायची जी तजवीज करतात ते शील्डिंग. इंदुरात रामबाग, राजेंद्रनगरकडच्या मराठी घरांत नाट्यसंगीताच्या एलपी अजून निघतात, आणि त्या ऐकायला कोणी हौसेने घरीच प्रीअँप जोडला की पहिली तक्रार ठरलेली, गाणं चालू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घुंऽऽ.

कारण साधं आहे. मूव्हिंग कॉइलमधून येतं जेमतेम 0.2 ते 0.5 मिलिव्होल्ट, म्हणून 1:10 चा ट्रान्सफॉर्मर लावून ते दहापट करतात, आता हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे कोअरवर, मधल्या चुंबकीय धातूच्या गाभ्यावर, तारेचे शेकडो वेढे, त्याला सिग्नल आणि बाहेरचं चुंबकीय क्षेत्र यातला फरक कळत नाही, जे येईल ते पुढे ढकलतो. आणि त्याच डब्यात वीतभर अंतरावर मेन्सचा ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, चोवीस तास क्षेत्र सांडतोय. आधी आवाज नीट ऐकायचा. खालच्या पट्टीतली गोल घुं असेल तर 50 हर्ट्झ चुंबकीय मार्गाने येतंय. खरखरीत, करवतीसारखी झर्र असेल तर ती बहुधा 100 हर्ट्झ आणि त्याच्या पटींची, म्हणजे रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), फिल्टर नाहीतर वायरिंगची भानगड, तिथे शील्ड लावून काही होत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याबद्दल आहे. 50 हर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ, म्हणजे जेवढ्या जाडीत क्षेत्र जवळपास एक-तृतीयांशावर येतं ती, साधारण 9 मिलिमीटर आणि अ‍ॅल्युमिनियमची 12 च्या आसपास, म्हणजे दीड मिलिमीटरच्या पत्र्यातून चुंबकीय क्षेत्र आरामात आरपार जातं. रेडिओ किंवा मोबाइलची किटकिट तो पत्रा अडवतो, तेवढं श्रेय द्यायला हवं. बर्तन बाजारातला स्टीलचा डबा उलटा घालायचा जुगाडही लोक करतात, पण घरातलं बरंचसं स्टेनलेस चुंबकाला चिकटतच नाही, आणि चिकटलं तरी पत्रा इतका पातळ की फरक नावालाच. त्यापेक्षा लोहामंडीतून साध्या लोखंडी पाइपचा 3 मिलिमीटर जाडीचा तुकडा आणून ट्रान्सफॉर्मरवर चढवावा.

पण त्याच्याही आधी दोन फुकटचे उपाय आहेत आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. एक म्हणजे अंतर. छोट्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र ढोबळमानाने अंतराच्या घनाने कमी होतं, 10 सेंटिमीटरचे 20 केले की एक अष्टमांश, म्हणजे 18 डेसिबलचा फायदा, म्हणून शहाणी माणसं पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यातच ठेवतात. दुसरं म्हणजे दिशा. ऑडिओ ट्रान्सफॉर्मर स्क्रूने आवळायच्या आधी त्याच्या सेकंडरीला (सिग्नल बाहेर पडतो ते वेढे) प्रीअँपची पुढची स्टेज आणि हेडफोन जोडायचा, प्रायमरीला (सिग्नल आत येतो ते वेढे) कार्ट्रिजच्या रेझिस्टन्सएवढा रेझिस्टर लावायचा, मेन्स चालू ठेवायचा आणि ट्रान्सफॉर्मर हातात धरून हळूहळू फिरवायचा. एका कोनात घुं जवळजवळ गायब होते, थोडं पुढे गेलं की परत चढते. तिथेच पेन्सिलची खूण करून मग भोकं पाडायची. हे करताना मेन्सची उघडी टोकं झाकलेली हवीत, हे सांगायला नको.

यानंतर म्यू-मेटल. निकेल जवळपास 77 ते 80 टक्के, बाकी लोखंड आणि थोडं तांबं, मॉलिब्डेनम वगैरे, असा हा मिश्रधातू 1920 च्या दशकात समुद्राखालच्या टेलिग्राफ केबलींसाठी निघाला. क्षेत्र ह्याच्या अंगातूनच वळसा घालून जातं, आतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत फार थोडं पोचतं. भानगड ही की तो 0.8 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपासच सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यापुढचं क्षेत्र पेलत नाही, साधं लोखंड 2 टेस्लापर्यंत जातं, म्हणून जोरदार क्षेत्र असेल तर बाहेर लोखंड, मध्ये हवेची फट आणि आत म्यू-मेटल असे दोन डबे घालतात. म्यू-मेटल वाकवलं, कापलं किंवा नुसतं आपटलं तरी त्याचा गुण उतरतो, परत आणायला हायड्रोजनच्या भट्टीत 1100 डिग्रीच्या वर तापवावं लागतं, जे घरी शक्य नाही. कबाडीकडे जुना ऑसिलोस्कोप मिळाला तर त्याच्या पिक्चर ट्यूबवर बहुतेक वेळा म्यू-मेटलचं शंकूसारखं आवरण असतं, ते आहे तसंच वापरायचं, कात्री लावायची नाही.

विद्युत क्षेत्रासाठी प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्तीचा एक थर देतात आणि तो अर्थला जोडतात. पत्तीची टोकं एकमेकांवर चढली तरी मध्ये कागद हवाच, टोकं चिकटली की तो शॉर्ट झालेला एक वेढा होतो आणि सिग्नलचं वाटोळं. इंदुरातल्या महाराणी रोडच्या बाजूला कोणाकडून मेन्स ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेत असाल तर अशी स्क्रीन, म्हणजे हाच पत्तीचा थर, आधी सांगून घ्या, न सांगता सहसा कोणी टाकत नाही. गंमत म्हणजे त्याच मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरून, कोअरसकट, जो तांब्याचा पट्टा गुंडाळतात त्याची टोकं मात्र मुद्दाम झाळून जोडायची असतात, कारण तिथे सांडलेल्या क्षेत्राने त्या पट्ट्यात करंट फिरावा आणि उलटं क्षेत्र तयार व्हावं हाच हेतू असतो.

शील्डचा डबा एकाच जागी ग्राउंडला जोडतात, दोन ठिकाणी जोडला की ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या तारांचा बंद फेरा, होऊन वेगळीच घुं सुरू होते. आत-बाहेर जाणाऱ्या तारा पिळून घ्याव्यात. आणि निकेल कोअरच्या ट्रान्सफॉर्मरला मल्टिमीटर ओहमवर लावून तपासू नये, तेवढ्या डीसीनेसुद्धा कोअर मॅग्नेटाइझ होतो आणि मग एसी देऊन हळूहळू शून्यावर आणत ते चुंबकत्व उतरवत बसावं लागतं.