ब्लॅकबर्न रोव्हर्स: पुण्याचा पैसा ईवुड पार्कला पोचताना

1 फेब्रुवारी 2024 हा इंग्लंडमधल्या ट्रान्सफर विंडोचा, म्हणजे फुटबॉल खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीचा, शेवटचा दिवस होता. ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश क्लबने त्या दिवशी दोन व्यवहार हातात घेतले. पहिला पार पडला. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला मिडफील्डर ॲडम व्हार्टन 1 कोटी 80 लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसकडे गेला. अटी पूर्ण झाल्या तर आणखी 40 लाख मिळणार होते. दुसरा व्यवहार फसला. अमेरिकेतल्या ऑर्लँडो सिटीचा स्ट्रायकर डंकन मॅग्वायर इंग्लंडात दाखल झाला होता, पण कागदपत्रांत घोळ झाला, लीगने त्याची नोंदणी नाकारली आणि अपीलही फेटाळलं. आठवड्याभरानं मॅनेजर जॉन डाल टोमासननं क्लब सोडला आणि जॉन यूस्टेस आला. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीतून, म्हणजे चॅम्पियनशिपमधून, खाली घसरण्याच्या काठावर होता.

या क्लबचे मालक गरीब नाहीत. पुण्यात सिंहगड रस्त्यावर मुख्यालय असलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज हा समूह, म्हणजे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेला 'व्यंकीज', 2010 पासून रोव्हर्सचा मालक आहे आणि तेव्हापासून त्यानं क्लबमध्ये 20 कोटी पौंडांहून जास्त रक्कम ओतली आहे. तरीही 2023-24 च्या हंगामात क्लबला पैशांची चणचण का भासली, हे समजायला व्यंकीजच्याही आधीचा काळ बघावा लागतो. एकाच खिशावर जगायची सवय या क्लबला आधीच लागलेली होती.

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गिरणगाव. इथल्या मागांवर विणलेली धोतरं एके काळी हिंदुस्थानात विकली जायची. (1931 मध्ये गांधीजी स्वदेशीची बाजू गिरणी कामगारांना समजावायला ज्या डार्वेनला गेले, ते इथून अगदी जवळ.) रोव्हर्स 1875 चा, 1888 च्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. पण जुनं नाव आणि गाठीला पैसा या वेगळ्या गोष्टी. ऐंशीच्या दशकात क्लब दुसऱ्या श्रेणीत अडकून पडला होता. जॅक वॉकर या स्थानिक पोलाद व्यावसायिकानं आपली कंपनी ब्रिटिश स्टीलला विकली आणि जानेवारी 1991 मध्ये क्लब पूर्णपणे ताब्यात घेतला. केनी डलग्लिश मॅनेजर झाला, ॲलन शीअरर आणि ख्रिस सटन आले, ईवुड पार्क हे घरचं मैदान नव्यानं बांधलं गेलं, ब्रॉकहॉलला सराव केंद्र उभं राहिलं. 1994-95 ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वोच्च श्रेणी, रोव्हर्सनं 89 गुणांनी जिंकली. मँचेस्टर युनायटेड 88 वर राहिलं. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर हरले, पण युनायटेडला वेस्ट हॅमकडे बरोबरी साधूनच परतावं लागलं.

तिकीटविक्रीतून असा संघ पोसणं या गावाला कधीच परवडणारं नव्हतं. ऑगस्ट 2000 मध्ये वॉकर गेले. मालकी जर्सी बेटावरच्या त्यांच्या कौटुंबिक ट्रस्टकडे राहिली, पण हात आखडता झाला आणि हळूहळू पैसा येणं थांबलं. तरीही 2001 ते 2010 हा काळ मला या क्लबचा सगळ्यात शहाणा काळ वाटतो. चेअरमन जॉन विल्यम्स आणि मॅनेजिंग डायरेक्टर टॉम फिन यांनी मोजका पगार, हेरून घेतलेले खेळाडू आणि दर दोनेक वर्षांनी एखादी चांगली विक्री या हिशेबावर क्लब प्रीमियर लीगमध्ये टिकवला. 2002 मध्ये लीग कपही जिंकला. ट्रस्ट मात्र गिऱ्हाइकाच्या शोधात होता.

ते गिऱ्हाईक पुण्यातून आलं. 19 नोव्हेंबर 2010 रोजी व्यंकीज लंडन लिमिटेडनं 2 कोटी 30 लाख पौंडांत 99.9 टक्के समभाग घेतले. क्लबवरचं सुमारे 2 कोटींचं कर्जही त्यासोबत आलं. प्रीमियर लीगमधला हा पहिला भारतीय मालकीचा क्लब. समूहाची स्थापना डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये केली होती. आता सूत्रं त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र वेंकटेश व बालाजी राव यांच्या हाती होती. कोंबडी आणि अंडी यांच्या धंद्यात या मंडळींना देशात तोड नाही. फुटबॉलचा अनुभव मात्र शून्य होता, आणि ती उणीव भरून काढायला त्यांनी बाहेरचे सल्लागार धरले.

पुढच्या चोवीस दिवसांत जे झालं त्याची किंमत क्लबनं दशकभर मोजली. 13 डिसेंबरला मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर, म्हणजे ठीकठाक होता. जागा मिळाली मुख्य मॅनेजरपदाचा अनुभव नसलेल्या स्टीव्ह केनला. त्याचे एजंट जेरोम अँडरसन खरेदीच्या वेळी मालकांच्या सल्लागारांत होते, ही गोष्ट चाहत्यांना कायम खटकली. फेब्रुवारी 2011 मध्ये विल्यम्स गेले, मागोमाग फिनही. खेळाडू कितीला घ्यायचा, किती वर्षांचा करार द्यायचा, कुठल्या एजंटला दाराबाहेर ठेवायचं हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं काही महिन्यांत संपली. निर्णय पुण्यात आणि अंमल ब्लॅकबर्नमध्ये, मधे जबाबदार माणूस कुणीच नाही. रोनाल्डिनो, बेकहॅम अशी नावं मात्र हवेत उडत होती.

पहिला हंगाम शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जवर 3-2 अशा विजयानं तरला. मग फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. 7 ऑक्टोबर 2011 रोजी आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुटीत संघ चक्क बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि 3-0 जिंकला. पुणेकरांना मौज वाटली; तिकडे संघ तक्त्याच्या तळाशी होता आणि ईवुड पार्कवर 'केन हटाव'च्या घोषणा सुरू झाल्या होत्या. 31 डिसेंबरला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर 3-2 असा विजय मिळाला, पण तो अपवादच. 7 मे 2012 ला घरच्या मैदानावर विगनकडून 0-1 असा पराभव झाला, सामना चालू असताना कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली, आणि अकरा वर्षांनी प्रीमियर लीग सुटली. 31 गुण, एकोणिसावा क्रमांक.

खाली घसरलेल्या क्लबला प्रीमियर लीगकडून काही वर्षं 'पॅराशूट'ची रक्कम मिळते. उत्पन्न एकदम कोसळतं, पण खेळाडूंचे करार प्रीमियर लीगच्या पगाराचे असतात. त्या फटीत क्लब मरू नये म्हणून ही सोय. 2012 मध्ये ती चार वर्षांची होती. शहाणा क्लब पहिल्याच उन्हाळ्यात पगाराचा बोजा उतरवतो आणि म्हणूनच करारात घसरणीनंतर पगार कमी करण्याचं कलम आधीपासून घालून ठेवतो. रोव्हर्सनं उलट पैज लावली. जॉर्डन रोड्सला 80 लाख पौंडांना घेतलं, म्हणजे एका हंगामात परत वर जायचं. रोड्सनं गोल भरपूर केले. बाकी घर मात्र विस्कटलेलं होतं. केननं सप्टेंबर 2012 मध्ये राजीनामा दिला. हेनिंग बर्ग 57 दिवस टिकला, मायकेल ॲपलटन 67 दिवस.

बर्गचं प्रकरण कोर्टात गेलं. तीन वर्षांचा करार त्याला दिलेला होता, आणि त्यानुसार मुदतीआधी काढलं तर उरलेला सगळा पगार देणं भाग होतं. क्लबनं आधी देणं मान्य केलं आणि नंतर भूमिका फिरवली: मॅनेजिंग डायरेक्टरला असा करार करायचा अधिकारच नव्हता म्हणे. न्यायालयानं ती कोलांटउडी चालू दिली नाही आणि एप्रिल 2013 मध्ये बर्गला 22 लाख 50 हजार पौंड मंजूर केले. आपल्याच अधिकाऱ्याला सही करायचा हक्क होता की नाही यावर क्लबनं भर कोर्टात वाद घालावा, यापेक्षा कारभाराचं नेमकं निदान दुसरं नाही.

मालकांनी खिसा मोकळा सोडला तरी भागत नाही, हे पुढच्या टप्प्यावर कळलं. चॅम्पियनशिपच्या आर्थिक नियमांनुसार 2013-14 मध्ये क्लबला जास्तीत जास्त 80 लाख पौंड तोटा दाखवता येत होता. रोव्हर्सचा तोटा 4 कोटी 21 लाखांचा निघाला. डिसेंबर 2014 मध्ये लीड्स आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टबरोबर त्यांच्यावर खेळाडू खरेदीची बंदी आली. पैसे मोजून खेळाडू घेता येईना. उसने किंवा करार संपलेले, तेही पगाराच्या मर्यादेत. ही बंदी वर्षभर राहिली. 2016 च्या सुरुवातीला रोड्स मिडल्सब्रोला गेला, त्याच उन्हाळ्यात पॅराशूटही संपला. मे 2017 मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डवर 3-1 जिंकूनही संघ घसरला. गुण फॉरेस्टइतकेच, 51, पण गोलफरक कमी पडला. प्रीमियर लीग जिंकून तिसऱ्या श्रेणीत पोचलेला हा पहिला क्लब.

मॅनेजर टोनी मोब्रेनं वर्षभरात, 96 गुणांसह, संघ पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये आणला आणि तो स्वतः पाच वर्षं टिकला. मालकांनी या काळात ढवळाढवळ कमी केली आणि दरवर्षी तोटा भरत राहिले, हे मान्य केलं पाहिजे. पण चॅम्पियनशिपमध्ये अनेक क्लबांचा पगारखर्चच उत्पन्नाहून मोठा असतो, आणि 2016 पासूनचा नियम तीन वर्षांत मिळून 3 कोटी 90 लाख पौंडांच्या तोट्याचा आहे. अकादमी, स्टेडियम, महिला संघ यांवरचा खर्च त्यातून वगळतात. या मर्यादेत बसायला सराव केंद्र समूहातल्याच दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं. स्ट्रायकर ॲडम आर्मस्ट्राँग साउदॅम्प्टनला गेला, पण त्याला घेताना मान्य केलेल्या अटीमुळे नफ्यातला मोठा वाटा न्यूकॅसलकडे वळला.

खरी गळती करारांत होती. डाराग लेनिहन, जो रॉथवेल आणि रायन न्याम्बे 2022 मध्ये करार संपून फुकट गेले. पुढच्या वर्षी चिलीचा आंतरराष्ट्रीय स्ट्रायकर बेन ब्रेरेटन डियाझही तसाच व्हिलारेआलला गेला. करार संपायला अठरा महिने उरले की एकतर नवा करार किंवा विक्री, हा धंद्याचा साधा नियम आहे. विक्री टाळून वर चढायची आशा धरली आणि चढलो नाही, तर हाती काहीच उरत नाही. 2022-23 मध्ये नेमकं तेच झालं: सातवा क्रमांक, संडरलँडइतकेच 69 गुण, प्लेऑफ, म्हणजे वर जाण्यासाठीची बाद फेरी, गोलफरकावर हुकला. त्या जानेवारीतही लुइस ओब्रायनची कागदपत्रं उशिरा पोचल्यानं नोंदणी झाली नव्हती. वर्षाच्या अंतरानं तोच घोळ दोनदा झाला, म्हणजे तो नशिबाचा भाग नव्हे.

आता दिल्ली. भारतीय कंपनीला परदेशातल्या आपल्या कंपनीत पैसा घालायचा तर तो अधिकृत बँकेमार्फत, ठरलेल्या अर्जावर जातो. एकूण मर्यादा कंपनीच्या निव्वळ मूल्याच्या 400 टक्के. ऑगस्ट 2022 च्या नव्या नियमांनी एक अट स्पष्ट केली: ईडी, सीबीआय यांसारख्या संस्थेची चौकशी सुरू असेल तर आधी त्या संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र मागायचं, साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरायचं. व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या परदेशी व्यवहारांची फेमा या परकीय चलन कायद्याखाली ईडीकडून चौकशी सुरू होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि 2023 पासून क्लबसाठी पैसा पाठवायचा तर न्यायालयाची परवानगी, शिवाय तेवढ्याच रकमेची बँक हमी, अशी रीत पडली. म्हणजे एक पौंड पाठवायला दुसरा पौंड अडकवून ठेवायचा.

तारीख पुढे गेली की क्लबची पंचाईत. पगार महिन्याला लागतो, खेळाडूंच्या खरेदीचे हप्ते ठरल्या दिवशी लागतात, ब्रिटिश कर खात्याचं देणं तीस दिवसांवर थकलं की खरेदीवर निर्बंध येतात. क्लब दिवाळखोरीत जाऊन कारभार प्रशासकाच्या हाती गेला तर बारा गुण कापले जातात. रोव्हर्सवर ती वेळ आली नाही. याखेरीज एक बारकावा सहसा सुटतो. 3 कोटी 90 लाखांची मुभा मालकानं समभागांच्या रूपात पैसा घातला तरच मिळते. नाहीतर तीन वर्षांत दीड कोटीच. मालकाचा पैसा वाटेत अडकला की रोकड तर आटतेच, नियमांतली मोकळीकही आक्रसते. व्हार्टनची विक्री या चौकटीत बघायला हवी. अकादमीतून आलेल्या खेळाडूची खरेदी किंमत शून्य, त्यामुळे विक्रीचा जवळजवळ सगळा आकडा ताळेबंदात नफा म्हणून दिसतो. अडचणीतला क्लब आधी घरचाच मुलगा विकतो तो यामुळे.

तो हंगाम सॅमी स्मोडिक्सनं वाचवला. लीगमध्ये 27, सगळ्या स्पर्धा धरून 33 गोल. 4 मे 2024 रोजी आधीच विजेते ठरलेल्या लेस्टरवर 2-0, दोन्ही गोल त्याचेच. 53 गुण, एकोणिसावा क्रमांक. ऑगस्टमध्ये तो इप्सविचला विकला गेला. पुढच्या हंगामात यूस्टेसनं संघ प्लेऑफच्या शर्यतीत आणला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो खालच्या भागात झगडणाऱ्या डर्बीकडे गेला. वर जायची शक्यता असलेला संघ सोडून मॅनेजर तळाकडच्या क्लबात जातो, तेव्हा कारण मैदानाबाहेर शोधावं. व्हॅलेरियन इस्माएल आला, संघ 66 गुणांसह पुन्हा सातवा. त्याच मे महिन्यात महिलांच्या दुसऱ्या श्रेणीच्या नव्या अटींचा खर्च उचलायला मालकांनी नकार दिला आणि रोव्हर्सचा महिला संघ त्या लीगमधून बाहेर पडून खालच्या श्रेणीत गेला.