परदेशी बेस म्हणजे नुसती बदली नव्हे

गणपतीला मुंबईकर गावी आले की रत्नागिरीत आमच्या ओटीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'विमान कंपनीने परदेशात बेस उघडला तरी पायलट संपावर! लाडावलेत, दुसरं काय.' हा समज चुकीचा आहे, आणि घरातल्या पोरांनी दर्यावर नोकऱ्या केलेल्या कोकणाने तरी तो धरून ठेवू नये.

बेस म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते आणि जिथे संपते ते ठिकाण. कंपनी तो परदेशात उघडते तेव्हा खरा प्रश्न असतो करार कोणाशी, कायदा कुठला आणि ज्येष्ठतेची यादी, म्हणजे नोकरीच्या वर्षांनुसार पायलटांचा क्रम, एकच की वेगळी. बऱ्याच कंपन्यांत ज्येष्ठतेवरच बढती, विमानाचा प्रकार, सुट्टी ठरते. यादी फुटली की जुन्या माणसाची वर्षं वाया जाण्याची भीती असते.

कॅथे पॅसिफिक या विमान कंपनीच्या हाँगकाँगमधल्या उपकंपनीचे काही पायलट लंडनच्या हीथ्रो बेसवर होते. बडतर्फीविरुद्ध ब्रिटनमध्ये दाद मागता येते का, हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. 2006 मध्ये निकाल लागला: येते, कारण त्यांचा बेस ब्रिटनमध्ये आहे. 2017 मध्ये युरोपीय न्यायालयानेही बेल्जियममधल्या शार्लरवा बेसवरच्या रायनएअर या आयरिश विमान कंपनीच्या केबिन क्रूबाबत, दाद कुठल्या देशात मागायची हे ठरवताना बेस हा महत्त्वाचा निकष मानला, जरी करार आयर्लंडच्या कायद्याखालचे होते.

पनामाचा झेंडा लावलेल्या जहाजावर काम केलेल्या आपल्या माणसाला विचारा, झेंडा कुणाचा आणि दाद कुठे मागायची यात किती अंतर असतं ते.