लेझरआधी आम्ही एवढे प्रश्न का विचारतो?

“डाग दाखवायला आलोय. आरशासमोर किती वेळ जातो ते तुम्हाला कशाला?” हे आमच्या त्वचेच्या दवाखान्यात काउंटरवर रोज ऐकतो, म्हणून हे पत्रक. कन्नडमधलंही ठेवलंय, मागून घ्या.

मुरूम, वांग, केसगळती यांचं वाईट वाटतंच. पण काहींना दुसऱ्याला शोधूनही सापडणार नाही अशी खूण दिवसातले तासन्‌तास छळते. सारखा आरसा बघणं, त्वचा खुडणं, “दिसतंय का गं?” म्हणून आईच्या मागे लागणं, लग्नकार्य टाळणं. हा बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्याच्या काळजीचा मानसिक विकार. शंभरात साधारण दोघांना असतो, त्वचेच्या दवाखान्यात येणाऱ्यांत त्याहून जास्त. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात. मुलगेही यात येतात. अंग चांगलं कमावलेलं असूनही “भरतच नाही” म्हणणारे.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खातात ते लपवलेले जुने उपचार. कोल्हापुरात पील (औषध लावून त्वचेचा वरचा थर काढणं) झालेलं असतं, हुबळीत लेझर, वर मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब, आणि इथे सांगायचं, “आधी काहीच केलं नाही.” तिसऱ्या भेटीला पिशवीतून जाडजूड फाईल निघते आणि सगळं पहिल्यापासून. स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर लेझर मारणं धोक्याचं. शिवाय चांगले उपचार होऊनही कुठेच समाधान नाही, ही आमच्या दृष्टीने डागापेक्षा महत्त्वाची खूण. तेव्हा फाईल, चिठ्ठ्या, रिकाम्या ट्यूबा, सगळं आणा. कुणी रागावणार नाही.

नाकाची तक्रार असेल तर सेल्फी नको. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. फोटो इथेच काढू.

कधीकधी आम्ही लेझरला नाही म्हणतो. त्यावर बोलणीही खातो. पण या विकारात प्रोसिजरने समाधान क्वचितच होतं. गालावरची काळजी हनुवटीवर जाते, पैसे मात्र जातातच. उपयोग होतो तो सीबीटी या, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा आणि एसएसआरआय या नैराश्यावरही देतात त्या गोळ्यांचा. गोळ्यांना १२ आठवडे तरी द्यावे लागतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं म्हणजे वेडं ठरवलं नाही. बेळगावातल्या डॉक्टरांसाठी किंवा धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसोपचार संस्थेसाठी चिठ्ठी आम्ही देतो, मुरमांचा उपचार इथे चालूच राहतो. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत.

हे बोलणं पहिल्या तपासणीच्या फीमध्येच धरलेलं आहे, पॅकेज त्याच दिवशी घ्यायची सक्ती नाही. लग्न ठरलं असेल तर मात्र तीन-चार महिने आधी या. हळदीच्या आठवड्यात आलात तर आम्ही सनस्क्रीनच देऊ.