परदेशात असताना भारतीय कार्डावरून पैसे गेले, तर काय करायचं?

आमच्या अनिवासी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आयकर विवरणपत्र, एनआरओ खात्यावरचा (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) टीडीएस, घरभाड्याचा हिशेब अशा कामांसाठी तुम्ही आमच्याकडे येता. कार्डाची फसवणूक हा खरं तर आमचा विषय नाही. पण खात्यातून पैसे गेले की दुबईहून किंवा न्यू जर्सीहून पहिला फोन अनेकदा आम्हालाच येतो, कारण बँकेचा फोन लागत नसतो आणि आमचा लागतो. तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात, आणि पैसे परत मिळणार की नाही हे पुष्कळदा त्याच दोन-तीन दिवसांत ठरतं. म्हणून हे पत्रक. यात मुख्यतः भारतातल्या बँकेच्या कार्डाविषयी लिहिलं आहे: एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) किंवा एनआरओ खात्याचं डेबिट कार्ड, किंवा देश सोडताना तसंच चालू ठेवलेलं क्रेडिट कार्ड. तुम्ही राहता तिथल्या बँकेच्या कार्डाबद्दल पुढे थोडं आहे.

आधी कार्ड बंद करा, आणि लगेच तक्रारही नोंदवा

ही दोन वेगळी कामं आहेत. ॲपमध्ये जाऊन कार्ड ‘लॉक’ केलं म्हणजे बँकेला कळवलं असं होत नाही. त्यानं पुढचे व्यवहार थांबतात, झालेल्या व्यवहाराची तक्रार मात्र नोंदली जात नाही. बरेच जण लॉक करून निवांत होतात, ‘सुट्टीत फोन करू’ म्हणतात, आणि तिथेच चुकतं. कार्ड कायमचं ब्लॉक करा, मग ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं बँकेला स्वतंत्रपणे कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रार क्रमांक नाही, तर तक्रारही नाही, असंच समजा.

ॲप उघडलं तर उत्तमच. अनेक भारतीय बँकांची ॲप फोनमध्ये नोंदणीकृत सिम आहे का हे तपासतात, आणि तुमच्या फोनमध्ये तर तिथलं सिम असतं. अशा वेळी ब्राउझरमधून नेटबँकिंग उघडून बघा. तेही जमलं नाही तर फोन. 1800 नं सुरू होणारे टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. कार्डाच्या मागे परदेशातून फोन करण्यासाठी +91 नं सुरू होणारा वेगळा नंबर बहुधा असतो. तो आजच डायरीत लिहून ठेवा, कारण पाकीटच चोरीला गेलं तर कार्डाची मागची बाजू वाचायला मिळणार नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्याही प्रत्येक देशासाठी मदतवाहिन्या आहेत. त्यांच्याकडून कार्ड ब्लॉक होऊ शकतं, पण तक्रार शेवटी तुमच्या बँकेकडेच द्यावी लागते.

फोनवर तास गेला तरी सोबत एक ईमेल पाठवाच, बँकेत नोंदवलेल्या ईमेल पत्त्यावरूनच. बोलणं कुणी नाकारू शकतं, ईमेलवरची तारीख आणि वेळ कोण नाकारणार?

दिवस कसे मोजतात

याचे नियम रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातून आले. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं, म्हणजे गावाकडच्या सहकारी बँकेचं कार्ड असलं तरी तुम्ही वाऱ्यावर नाही.

चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, माहिती तिसरीकडूनच फुटली, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीही भार येत नाही, पूर्ण रक्कम परत मिळायला हवी. चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान कळवलंत तर तुमचा वाटा ठरलेला आहे: साध्या बचत खात्याला आणि 5 लाख रुपयांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त 10,000 रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला 25,000 रुपये. व्यवहाराची रक्कमच याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं, म्हणजे पारडं त्यांच्याकडे झुकतं. चूक बँकेचीच असेल तर मात्र उशिरा कळवलंत तरी तुमचा भार शून्य. रिझर्व्ह बँक या नियमांत अधूनमधून सुधारणा करते, तेव्हा तक्रार लिहिण्याआधी बँकेच्या संकेतस्थळावरचं ताजं धोरण एकदा उघडून बघा. ते जाहीर ठेवणं बँकेला बंधनकारक आहे.

दिवस मोजताना तुमच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवस धरतात, आणि मेसेज आला तो दिवस सोडून देतात. समजा, गुरुवारी रात्री भारतीय वेळेनुसार मेसेज आला आणि पुढचा शनिवार महिन्यातला दुसरा आहे. मग शुक्रवार पहिला दिवस, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. कॅलिफोर्नियात तुमचा सोमवार अजून संपायचा असताना इथे मंगळवार दुपार झालेली असते, हे विसरू नका. आमचा सल्ला सोपा आहे: हा हिशेब वाद घालण्यासाठी राखून ठेवा, कळवायचं मात्र त्याच तासात.

आता कटू भाग. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. म्हणजे ‘चूक आपलीच होती’ म्हणून लाजेनं गप्प बसणं हा सगळ्यात महागडा पर्याय. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ असं फोनवर कुणी ठसक्यात म्हटलं, तर ते लेखी मागा.

‘पण मला ओटीपी आलाच नाही!’

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येतो. भारतातल्या संकेतस्थळावर कार्ड वापरलं की दुसरी खातरजमा होते, म्हणून आपल्याला वाटतं की ओटीपीशिवाय पैसे जाऊच शकत नाहीत. परदेशी दुकानदाराच्या संकेतस्थळावर तसं नसतं. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे, एवढ्यावर व्यवहार होऊन जातो, कधी कधी तीन आकडेही लागत नाहीत. शिवाय 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतातल्या दुकानदारांना तुमच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजीचा सांकेतिक क्रमांक असतो. परदेशी संकेतस्थळांना हा नियम लागू नाही. तिथली एखादी माहितीपेढी फुटली की तुमचा नंबर बाहेर. सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेनं भारतीय बँकांना 1 ऑक्टोबर 2026 ची मुदत दिली आहे: परदेशी दुकानदारानं जादा खातरजमा मागितली तर ती करण्याची सोय बँकेकडे तोवर असायला हवी. ‘मागितली तर’ हे शब्द नीट वाचा. तो मागेलच असं नाही.

म्हणून खरी कडी तुमच्याच हातात आहे. जानेवारी 2020 च्या नियमानुसार प्रत्येक कार्डावर आंतरराष्ट्रीय, ऑनलाइन आणि स्पर्शविरहित व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, रकमेची मर्यादाही घालता येते. तुमचं रोजचं खर्चपाणी तिथल्या बँकेच्या कार्डावर चालत असेल, तर भारतीय कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवा. लागेल तेव्हा उघडा, काम झालं की पुन्हा बंद करा. विमानाचं तिकीट काढताना दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

चोरही आधी चाचपणी करतो. डॉलरभराचा, कधी त्याहूनही कमी रकमेचा, भलत्याच नावाचा व्यवहार दिसला तर ‘काहीतरी असेल’ म्हणून सोडू नका. मोठा घाव त्यानंतर पडतो.

जुना भारतीय नंबर

वरचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: बँकेचा मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि तिथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. निघताना सिम आईकडे देऊन जातात, ते तिच्या दुसऱ्या फोनमध्ये किंवा ड्रॉवरमध्ये असतं, रीचार्ज कधी संपलं कुणालाच माहीत नसतं. वापर नसलेला प्रीपेड नंबर 90 दिवसांनंतर बंद होऊ शकतो, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग तुमच्या खात्याचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत राहतात. तुम्हाला कळतं ते महिनाअखेरीचं स्टेटमेंट उघडल्यावर.

तेव्हा एक तर भारतीय नंबर रोमिंगसह जिवंत ठेवा (ई-सिम करून घेतलं तर तिथल्या सिमसोबत एकाच फोनमध्ये चालतं), नाही तर बँकेत परदेशी नंबर नोंदवा. एनआरई-एनआरओ खात्यांना बऱ्याच बँका तो स्वीकारतात. यांतलं काहीही केलंत तरी ईमेलवर सूचना मिळण्याची सोय चालू ठेवा. आणि तुमचं जुनं बचत खातं अजून निवासी म्हणूनच चालू असेल, तर ते एनआरओ करायचं राहिलं आहे. परकीय चलन कायद्यानुसार ते करावंच लागतं. फसवणुकीच्या तक्रारीत बँक पासपोर्टवरचे शिक्के मागते, तेव्हा हे उघडं पडतं आणि विनाकारण दुसराच विषय सुरू होतो.

तक्रारीत काय लिहायचं

इंग्रजीत, थोडक्यात आणि रागाशिवाय. व्यवहाराची तारीख, रक्कम, दुकानदाराचं नाव स्टेटमेंटवर दिसतं तसंच, मेसेज कधी मिळाला, तुम्ही कधी कळवलंत, त्या वेळी कार्ड कुठे होतं. कार्डाचे शेवटचे चारच आकडे. व्यवहार मुंबईतल्या एटीएममध्ये झाला आणि तुम्ही त्या दिवशी म्युनिकमध्ये होतात, तर पासपोर्टचं पान, कचेरीतली हजेरी, तिथल्या दुकानाची त्याच दिवशीची पावती जोडा. आम्ही बघितलंय, असा एक कागद चार पानी कैफियतीपेक्षा जास्त काम करतो. बँक स्वतःचा तक्रार फॉर्मही भरायला सांगेल, तो सही करून स्कॅन पाठवला की बहुधा चालतं.

कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेनं वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायला हवी, आणि 90 दिवसांत निकाल लावायला हवा. ती तात्पुरती रक्कम खर्च करू नका, बँक ती परत काढून घेऊ शकते. मधल्या काळात बँक कार्ड नेटवर्कमार्फत (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दुकानदाराच्या बँकेकडे रक्कम मागते, यालाच चार्जबॅक म्हणतात. त्याला साधारण 120 दिवसांची मुदत असते, म्हणून ‘पुढच्या भारतभेटीत शाखेत जाऊन बघू’ हा बेत मोडीत काढा.

पोलिसांत तक्रार: भारतात 1930 हा क्रमांक आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ आहे. परदेशातून 1930 लागेलच असं नाही, आणि संकेतस्थळावर नोंदणीसाठी भारतीय मोबाइलवर ओटीपी येतो. पुन्हा तोच जुना नंबर! जमलं तर स्वतः करा, नाही तर इथल्या नातेवाइकाकडून 1930 वर फोन करवा. कार्ड परदेशात चोरीला गेलं असेल तर तिथल्या पोलिसांकडून नोंदीची प्रत घ्या.

बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा: सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. फुकट आहे, घरबसल्या होतं, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, म्हणून तो तक्रार क्रमांक.

सगळंच चोरी नसतं

हॉटेल आणि पेट्रोल पंप आधी जास्त रक्कम अडवून ठेवतात, नंतर सोडतात. ‘रुपयांत बिल करू का?’ असं परदेशातल्या दुकानातलं मशीन विचारतं, हो म्हटलं तर वाईट दरानं पैसे जातात. ही लूट वाटली तरी फसवणुकीच्या तक्रारीत बसत नाही. नाही म्हणा, स्थानिक चलनातच पैसे द्या. फुकटच्या महिन्यानंतर आपोआप सुरू झालेली वर्गणीही अनेकदा चोरी समजली जाते. घरातल्यांना आधी विचारा.

तिथल्या बँकेचं कार्ड असेल तर

तिथले कायदे पुष्कळदा ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण मुदती वेगळ्या. अमेरिकेत क्रेडिट कार्डावर तुमचा भार जास्तीत जास्त 50 डॉलर. डेबिट कार्ड हरवल्याचं कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर 50, उशीर केलात तर 500 पर्यंत, आणि स्टेटमेंटनंतर 60 दिवस उलटले तर पुढच्या नुकसानीला मर्यादाच नाही. म्हणून तिथे पेट्रोल पंपावर डेबिट कार्ड घालूच नये, असं आमचं मत. ब्रिटनमध्ये भार 35 पौंडांपर्यंत, आणि 159 हा क्रमांक फिरवला की बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडून देतात. जर्मनीत कार्ड बंद करायला 116 116.

दुसरा चोर

कार्ड बंद केल्यावर घाईत कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. भारतीय बँकांचे अधिकृत पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ नं संपतात, नंबर तिथूनच घ्या. दूतावासातून बोलतोय, तुमच्या व्हिसात अडचण आहे, कार्डानं दंड भरा, असे फोन येतात, आणि स्क्रीनवर खरोखरच दूतावासाचा नंबर दिसतो. वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासानं याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. आणि ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ म्हणणारा हा बहुधा पहिल्याच चोराचा भाऊबंद.

आम्ही काय करू, काय नाही

तक्रारीचा मसुदा बघून देणं, दिवसांचा हिशेब करणं, लोकपालाकडचा अर्ज भरायला मदत करणं, तुमच्या अधिकारपत्रावर शाखेत जाऊन पाठपुरावा करणं, हे आम्ही करतो. त्यासाठी बँकेचा मेसेज, तुम्ही पाठवलेला ईमेल, तक्रार क्रमांक आणि त्या महिन्याचं स्टेटमेंट पाठवा. कार्डाचा पूर्ण नंबर, पिन, ओटीपी, नेटबँकिंगचा पासवर्ड यांतलं काहीही पाठवू नका. आमच्या नावानं कुणी ते मागितलं तर फोन ठेवा आणि आमच्या नेहमीच्या नंबरवर उलट फोन करा. कार्यालय भारतीय वेळेनुसार सकाळी 10 ते संध्याकाळी 6 उघडं असतं. एरवी व्हॉट्सॲपवर निरोप ठेवा, पण कार्ड ब्लॉक करायला आमच्या उत्तराची वाट पाहू नका.