चिरा, चुना आणि कौल : कोकणातल्या देवळांची बांधणी

कोकणातल्या देवळाचे साहित्य फार लांबून येत नसे. सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, चिरा, किनाऱ्यावरून शिंपले आणि देवराईतून लाकूड. पर्यावरणपूरक बांधकामाच्या अभ्यासात आज चिरा आणि चुना यांना पुन्हा मोल आले आहे, पण ही देवळे टिकली ती एकट्या दगडाच्या बळावर नव्हे.

चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा तासलेला ठोकळा. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये दिले, तेही मलबारातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून. पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, त्यातून हा दगड झाला. खाणीतून ओला निघताना तो हत्याराने सहज तासता येतो. उघड्यावर वाळला की कठीण होतो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत घालू नये, काही महिने मोकळ्यावर ठेवावा. पिवळट मातीचे पट्टे असलेला चिरा तर बाजूलाच काढावा, कारण पावसात ती माती वाहून जाते आणि मागे पोकळी उरते. १९७९ च्या भारतीय मानकाने (आयएस ३६२०) चिऱ्याची दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि पाणी शोषण जास्तीत जास्त १२ टक्के ठरवले आहे. चिऱ्यावर नाजूक नक्षी उतरत नाही. संगमेश्वरजवळ कसब्याचे कोरीव कर्णेश्वराचे देऊळ काळ्या बेसॉल्टचे आहे. चिऱ्याच्या देवळात शोभा आली ती लाकडी खांब, चुन्याचे काम आणि दीपमाळेतून.

चुन्यासाठी शिंपले गोड्या पाण्याने धुवावे लागतात, नाहीतर मीठ भिंतीत उतरते. सुमारे ९०० अंशांवर भाजताना १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो, कळीचा चुना उरतो ५६ किलो. तो पाण्यात विरवून, एकास तीन या प्रमाणात नदीची वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर ही त्यातली जुनी भर. गूळ हात सैल सोडून घातला तर चुना लवकर धरत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन कडक होतो. भिंत पाण्याने चिंब असेल तर हा वायू आत पोचत नाही, म्हणून काम दिवाळीनंतर काढून शिमग्यापर्यंत उरकावे.

लाकडाचा मामला वेगळा. अनेक देवरायांत वाळकी फांदीही घरी नेत नसत. देवळाच्या दुरुस्तीला झाड हवे तर गावऱ्हाटीचे, म्हणजे गावाच्या देवस्थानाची व्यवस्था पाहणारे, मानकरी जमत, देवाला कौल लावत आणि तो मिळाला तरच कुऱ्हाड चालत असे. दुसरा कौल छपरावरचा. तो आधी नळीचा होता, आणि बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यावर हळूहळू मंगलोरी झाला. उतरते छप्पर आणि भोवतालची पडवी भिंतीला पावसापासून दूर ठेवते, उंच जोते शिंतोडे अडवते.

बिघाड होतो तो जीर्णोद्धारात. छप्पर उतरवून स्लॅब टाकतात, पडवी जाते आणि चिऱ्याला सिमेंटचा गिलावा, वर ऑइल पेंट. चिरा पाणी पितो आणि हवेत सोडतो. गिलाव्याने ती वाट बंद होते. मग पाणी जोत्यातून वर चढते, मीठ गिलाव्यामागे साचते, पापुद्रे सुटतात आणि आतला चिराही भुसभुशीत होतो. गिलावा सुटला की पुन्हा सिमेंटच थापतात, तेही आधीपेक्षा जाड! खर्च दुप्पट होतो आणि ओल आतच राहते. अशा भिंतीवरचे सिमेंट हलक्या हाताने काढावे, एक उन्हाळा वाळू द्यावी आणि मगच चुन्याचा गिलावा चढवावा.

विटेसारखा चिरा भाजावा लागत नाही हा त्याचा मोठा गुण. पण खाण सडा खाते आणि रत्नागिरी, राजापूर भागातली कातळशिल्पे त्याच सड्यावर आहेत. युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती २०२२ मध्ये आली. खाणीची जागा ठरवताना सडा आधी पायी फिरून पाहावा, तोही पावसाळा सरल्यावर गवत वाळले की. गवत उभे असताना कातळावरची रेघ दिसत नाही.